‘शेवटचं एकदा भेटू’ म्हणाला तर

गेल्या अंकात आम्ही एका विषयावर लिहिलं होतं: नवरा-बायको वेगळे झाल्यावर, किंवा व्हायच्या बेतात असताना, नवऱ्याने बायको-मुलांचा जीव घेऊन स्वतःही मरण्याच्या घटना. त्यावर आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. उत्तरं एका समुपदेशकाने आणि एका वकिलाने मिळून दिली आहेत.

माझी धाकटी बहीण पुण्यात असते. मुलं दोन, सात आणि चार वर्षांची. महिन्यापूर्वी तिने वेगळं राहायचा विषय काढला, तेव्हापासून मेहुणे म्हणतात, “तू गेलीस तर पोरांना घेऊन सगळं संपवून टाकीन.” त्यांनी आजवर तिच्यावर कधी हात उचललेला नाही. आई म्हणते, रागात माणूस काहीही बोलतो. हे कितपत मनावर घ्यायचं? (सांगली)

पूर्ण मनावर घ्या. अशा वाक्यातलं ‘संपवून टाकीन’ आपल्याला आधी ऐकू येतं आणि बोलणाऱ्याची कीव येते. ‘पोरांना घेऊन’ हे शब्द मागे पडतात. पुढे कोणाला सांगतानाही आपण ‘आत्महत्येची धमकी देतो’ असंच सांगतो. मेहुण्यांनी दिलेली धमकी दोन मुलांच्या खुनाची आहे. ती तशीच सांगा.

हात उचललेला नाही, यावर विसंबू नका. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये १९ फेब्रुवारी २०२० रोजी हॅना क्लार्क आणि तिच्या तीन लहान मुलांना तिच्या विभक्त नवऱ्याने मारलं आणि स्वतःला संपवलं. त्या संसारात मारहाणीपेक्षा ताबा जास्त होता. तिने काय घालायचं, कोणाशी बोलायचं, फोनमध्ये काय आहे, सगळ्यावर त्याची नजर. मारत नाही म्हणजे हा छळ नाही, असं घरच्यांनाही बराच काळ वाटत होतं. ती घर सोडून आईवडिलांकडे गेली. त्यानंतर डिसेंबरअखेर त्याने एका मुलीला परस्पर उचलून नेलं. पोलिसांनी मुलगी परत आणली, कोर्टाचा संरक्षण आदेश झाला, तो त्याने मोडला, त्याबद्दल गुन्हाही दाखल झाला. हे सगळं दोन महिन्यांच्या आत.

अमेरिकेतल्या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात अशा धोक्याचा अंदाज घेण्यासाठी प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरात आहे. अकरा शहरांतल्या खुनांवरचा त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. नवरा कमालीचा ताबा ठेवणारा असेल आणि बाई त्याच्यापासून वेगळी झाली असेल, तर तिचा जीव जाण्याचा धोका सुमारे नऊपट होतो, असं त्यात दिसलं. ब्रिटनमध्ये १९८० ते २०१२ या काळातल्या, घरातल्यांना मारणाऱ्या ७१ जणांचा अभ्यास झाला. त्यांत ५९ पुरुष होते, आणि सर्वाधिक प्रकरणांत संसार मोडणं हे कारण होतं. म्हणजे मेहुणे हे वाक्य ज्या काळात बोलत आहेत, तोच सगळ्यात वाईट काळ आहे.

बहिणीला एकटीला गाठा. फोनवर नको, समोरासमोर. आणि स्पष्ट विचारा: त्याने कधी गळा धरला होता का, ‘नुसता गमतीत’ का होईना? गळा आवळण्याचा एक प्रसंग आधी घडलेला असेल तर पुढे खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त असतो, असं २००८ च्या एका अभ्यासात आढळलं. गळ्यावर वळ उठतातच असं नाही, म्हणून बायका हे सांगतही नाहीत. तो पाळत ठेवतो का? तिच्या चारित्र्यावर संशय घेतो का? मनाविरुद्ध शरीरसंबंध लादतो का? दारू, नशा? नुकतीच नोकरी गेली का? घरात परवान्याचं शस्त्र आहे का? आणि शेवटी तिलाच विचारा, तुला स्वतःला काय वाटतं, तो असं करेल? ‘हो, करू शकतो’ असं ती म्हणाली तर तेवढंच पुरेसं समजा. उलट ‘नाही हो, तो तसा नाही’ म्हणाली, तर त्यावर निश्चिंत होऊ नका. धोका कमी लेखणाऱ्या बायका पुष्कळ असतात.

अजून एक लक्षण घरच्यांना हमखास फसवतं. आठवडेच्या आठवडे आदळआपट करणारा माणूस एकाएकी शांत होतो. गोड बोलतो, देणी चुकती करतो, कागदपत्रं लावून ठेवतो, मुलांसोबत एक दिवस मागतो. घरचे म्हणतात, आता सावरला. इंग्लंडच्या गुन्हेशास्त्रज्ञ जेन मंक्टन स्मिथ यांनी ३७२ खुनांचा अभ्यास करून आठ टप्पे मांडले. त्यांत खुनाच्या आधीचे दोन टप्पे म्हणजे विचार बदलणं आणि आखणी करणं. बाहेरून पाहणाऱ्याला या टप्प्यांवर फक्त शांतपणा दिसू शकतो.

ठरलं, आम्ही तिला घेऊन येणार. पण कसं? सामान, शाळा, दागिने? (वरच्याच पत्रातला पुढचा प्रश्न)

पहिली गोष्ट, त्याला सांगून निघायचं नाही. आपल्याकडे ‘चार माणसं बसवून, रीतसर बोलून’ वेगळं व्हायची पद्धत आहे. जिथे अशी धमकी दिली गेली आहे तिथे ती बैठक टाळा. बैठकीच्या शेवटी कोणीतरी जाणती मंडळी ‘दोघांना जरा एकटं बोलू द्या’ म्हणून खोलीचं दार लोटून घेतात. हे अजिबात होऊ देऊ नका.

निघायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत कागद थोडे थोडे बाहेर काढा: मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आधार, पॅन, पासबुक, शिक्षणाची प्रमाणपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या. मूळ कागद हलवल्याने त्याच्या लक्षात येणार असेल तर फोटो काढून घ्या. दागिन्यांचेही फोटो आणि पावत्या घ्या. दागिने लॉकरमध्ये असतील तर त्यासाठी निघणं लांबवू नका. स्त्रीधन कोर्टातून मागता येतं. या कागदांची पिशवी माहेरी ठेवू नका. तो पहिला शोध तिथेच घेईल. मैत्रिणीकडे किंवा ऑफिसात ठेवा. पहिले काही दिवसही माहेरी न राहता दुसरीकडे राहणं बरं. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर म्हणजे हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी केंद्र, तिथे मुलांसह काही दिवसांचा तात्पुरता निवारा मिळतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की जवळचं केंद्र कळतं.

फोनचं काम इथे सगळ्यात जास्त चुकतं. व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपला जोडलेलं आहे का ते ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये दिसतं. गूगल मॅप्सवर ठिकाण शेअर होतंय का ते बघा. सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे? गाडीचा फास्टॅग त्याच्या नंबरला जोडलेला असेल तर प्रत्येक टोलनाक्यावर त्याला मेसेज जाईल आणि तुम्ही खंबाटकी ओलांडली की नाही हे त्याला घरबसल्या कळेल. तिच्या गाडीने येऊ नका. टॅक्सीचं किंवा खाण्याच्या ऑर्डरचं ॲप दोघांचं एकच असेल तर नवा पत्ता त्यात टाकू नका. मुलांच्या टॅबवरही तेच जीमेल खातं असतं, हे लोक विसरतात. मात्र घरात असताना यातलं काही बंद करू नका. एकदम सगळं बंद झालं की संशय येतो. निघायच्या दिवशी किंवा निघाल्यावर करा. त्याआधी मदतीचे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा.

निघायचं ते तो कामावर असताना, दिवसा. दोघा-तिघांना माहीत असावं, दहा जणांना नको. मुलांना आधी सांगू नका, चार वर्षांच्या पोराकडून गुपित राहत नाही. चिठ्ठीत ठिकाण लिहू नका. पोहोचल्यावर ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढाच मेसेज पुरे. आणि त्याच दिवशी जिथे पोहोचलात तिथल्या पोलीस ठाण्यात लेखी द्या: मी सज्ञान आहे, स्वखुशीने मुलांसह घर सोडलं आहे, अमुक धमकीमुळे सोडलं आहे, माझा पत्ता पतीला देऊ नये. पोच घ्या. नाहीतर तो पुण्यात ‘मिसिंग’ नोंदवतो आणि त्या तपासातच पत्ता फुटतो.

काही राहिलं म्हणून परत जायचं नाही. गणवेश, गॅसचं पुस्तक, मांजर, काहीही असो. आणायचंच असेल तर पोलिसांना बरोबर घेऊन दुसऱ्याने जावं. आणि ‘शेवटचं एकदा भेटू, मग तुला हवं ते कर’ असा निरोप आला तर भेटायचं नाही. हॉटेलात नाही, देवळात नाही, वकिलाच्या जिन्यातही नाही. बोलायचं असेल ते वकिलामार्फत.

नवऱ्याच्या धमकीची पोलिसांनी एनसी लिहून घेतली आणि त्याला समज देऊन सोडतो म्हणाले. याचा काही उपयोग असतो का? (नाशिक)

थोडा असतो. तारखेनिशी नोंद राहते. पण एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. आणि ‘समज देणं’ म्हणजे त्याला बोलावून, तुम्ही तक्रार केलीत हे कळवून, घरी परत पाठवणं. त्या रात्री तुम्ही त्याच घरात असाल तर ही मदत भारी पडते.

तक्रारीत ‘जीवे मारण्याची धमकी दिली’ असं मोघम लिहू नका. त्याचं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत, तारीख-वेळेसह लिहा. गळा धरल्याचा प्रसंग ‘मारहाण’ या शब्दात गाडू नका. वेगळा लिहा: हात कुठे होते, श्वास अडकला का, आवाज बसला का. मेसेज पुसू नका. आपोआप पुसले जाणारे असतील तर दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो घ्या आणि विश्वासू माणसाला पाठवून ठेवा. पुढे कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील. मूळ फोन मात्र जपून ठेवा.

मुख्य वाट कौटुंबिक हिंसाचार कायद्याची, म्हणजे २००५ च्या कायद्याची. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. ते घटनेचा अहवाल नमुना १ मध्ये लिहितात. नमुना ५ हा ‘सुरक्षा योजने’चा आहे. तो बऱ्याचदा कोणी काढतच नाही, तुम्ही मागा. अर्ज कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे जातो. तुम्ही आत्ता तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या कोर्टातही तो करता येतो, सासरच्या गावी जावं लागत नाही. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात हे क्वचितच पाळलं जातं, म्हणून कलम २३ खाली समोरच्याला न ऐकता तातडीचा अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागा. त्यासाठी प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. कलम १८ खाली संरक्षण आदेश मागताना नुसतं ‘संरक्षण मिळावं’ असं न मागता ठिकाणांची नावं घाला: घर, ऑफिस, मुलांची शाळा, शिकवणी. फोन, मेसेज आणि नातेवाइकांमार्फत निरोप हेही त्यात घाला. कलम १९ खाली जवळच्या पोलीस ठाण्याला संरक्षणाचा आदेश मागता येतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे ‘एनसी घेतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

क्रूरतेचा गुन्हा, जुना ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं आहे. तो जरूर नोंदवा, पण लगेच अटक होईल असं धरून चालू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत बहुतेक वेळा आधी नोटीस जाते. म्हणजे नोटीस हातात पडलेला, चिडलेला माणूस बाहेरच असतो. आधी मुलांसह बाहेर पडा, मग तक्रार. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

आदेश मिळाला म्हणजे माणूस थांबलाच, असंही नाही. ब्रिस्बेनच्या प्रकरणात आदेश होता. कोर्टाची नोटीस पोहोचण्याचा दिवस, पोटगीचा आदेश, घटस्फोटाचा निकाल, मुलाचा वाढदिवस, दिवाळी, तिच्या आयुष्यात दुसरं कोणी आहे हे त्याला कळणं: या तारखांच्या आसपास दोन-चार दिवस एकटीने ये-जा करू नका. नोटीस नेमकी कधी बजावली जाणार हे वकिलाला आधी विचारून ठेवा.

कोर्टाने दर रविवारी मुलगा वडिलांकडे पाठवायला सांगितलं आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी मेसेज केला, “माझा नाही तर कोणाचाच नाही.” नाही पाठवलं तर कोर्टाचा अवमान होईल का? (ठाणे)

या रविवारी पाठवू नका, पण गप्पही बसू नका. मेसेज आला त्याच दिवशी पोलिसांना लेखी द्या, आणि कोर्टात भेट स्थगित करण्यासाठी किंवा देखरेखीखाली घेण्यासाठी तातडीचा अर्ज करा. तारीख पुढची असेल तर वकील ती अलीकडे घेण्याची विनंती करू शकतात. लेखी कारण आणि तोच मेसेज जोडलेला असेल तर न पाठवण्यामागचं कारण कोर्टापुढे राहतं. नुसता फोन बंद ठेवला तर पुढच्या तारखेला तुम्हीच आडमुठ्या ठरता. २००५ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट आहे की भेट मुलाला अपायकारक ठरेल असं वाटलं तर मॅजिस्ट्रेट ती नाकारू शकतात.

भेट चालू राहिलीच तर कौटुंबिक न्यायालयाच्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकांच्या नजरेखाली मागा. मुक्काम नको, गाडीतून फिरवणं नको, गावी नेणं नको. ताबा देताना-घेताना तुम्ही स्वतः जाऊ नका, दोघांना चालणाऱ्या तिसऱ्या माणसाला पाठवा. मुलाला पोहोचवायला आणि आणायला जाणं हेच या सगळ्यातलं सगळ्यात कच्चं ठिकाण असतं. तिथे वेळ, जागा आणि माणूस तिन्ही आधी ठरलेलं असतं.

शाळेला पत्र द्या, सोबत आदेशाची प्रत आणि मुलाला नेऊ शकणाऱ्यांची नावं, फोटोंसकट. एक प्रत व्हॅनवाल्या काकांना, एक शिकवणीला, एक सोसायटीच्या वॉचमनला. मुख्याध्यापकांना माहीत असतं, पण साडेबारा वाजता फाटकावर उभ्या असलेल्या मावशींना नसतं. आणि ‘बाबाच तर आहेत’ म्हणून त्या मुलाचा हात सोडतात.

माझा मोठा भाऊ वर्षभर एकटा राहतो. वहिनी मुलीसह माहेरी आहे. तो हल्ली म्हणतो, “आम्ही तिघं एकत्र जगलो नाही तर एकत्र मरू तरी.” पोलिसांत गेलो तर त्याचं आयुष्य बरबाद होईल. मी काय करू? (लातूर)

त्याला सरळ विचारा, “दादा, वहिनीला किंवा पोरीला काही करायचं तुझ्या मनात येतं का? स्वतःला? कसं, कधी, काही ठरवलंयस का?” असं विचारल्याने मनात नसलेलं मनात भरत नाही. उत्तर ‘हो’ असेल, किंवा तो उत्तर टाळत असेल, तर आज रात्री त्याला एकटं सोडू नका. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात सोबत घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठीही फोन करा. डॉक्टरांना फक्त ‘झोप लागत नाही’ सांगून येऊ नका, ते ‘एकत्र मरू’चं वाक्य सांगा. परवान्याचं शस्त्र असेल तर पोलीस ठाण्यात जमा करायला लावा. दारू चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर आत्महत्येच्या प्रयत्नाकडे तीव्र ताणाचा परिणाम म्हणूनच पाहिलं जातं, शिक्षेची भीती धरून काही लपवू नका.

आणि हे आजच वहिनीच्या कानावर घाला. तुम्हाला ती भावाशी गद्दारी वाटेल. पण तिला कळलं नाही तर पुढच्या वेळी तो भेटायला बोलावेल आणि ती पोरीला घेऊन येईल. त्याचे निरोप तिच्याकडे पोहोचवू नका, तिचा पत्ता शोधून देऊ नका. घरात ‘तिने तुझं वाटोळं केलं’ हे बोलणं बंद करा. आईलाही सांगा. भावाच्या डोक्यात वहिनीविरुद्ध आधीच चालू असलेल्या खटल्यात असं बोलणं साक्ष ठरतं.

इथे एक गोष्ट जाता जाता. ‘लेकरांसकट जीव देईन’ असं आपल्याकडे छळाने गांजलेल्या बायकाही म्हणतात, आणि माहेरचे ‘असं बोलू नये’ म्हणून विषय बदलतात. तिथेही हेच सगळं करायचं: सरळ विचारायचं, एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. आणि छळ करणाऱ्या घरात परत नांदायला पाठवायचं नाही.

बातम्यांत ‘कौटुंबिक वादातून टोकाचं पाऊल’ असं छापतात. यात चूक काय? वाद तर असतोच. (कोल्हापूर)

‘वाद’ म्हटलं की दोघांचा होतो, आणि ‘टोकाचं पाऊल’ म्हटलं की खून आत्महत्येत विरघळून जातो. हॅना क्लार्कच्या वेळी ब्रिस्बेनच्या एका तपास अधिकाऱ्याने, नवऱ्याला कोणत्या परिस्थितीने इथवर ढकललं असावं, अशा अर्थाचं विधान पत्रकारांसमोर केलं. इतका गदारोळ झाला की त्याला त्या तपासातून बाजूला करण्यात आलं. ‘पतीने पत्नी व मुलांचा खून केला, नंतर आत्महत्या’ हे वाक्य फार लांब नाही, मथळ्यात बसतं. कसं केलं याचा तपशील मात्र छापू नये.

मी मेलबर्नमध्ये पार्टनर व्हिसावर आहे. वेगळी झाले तर परत पाठवतील, असं नवरा सांगतो.

हे खरं नाही. घरातल्या हिंसाचारामुळे नातं तुटलं तर पार्टनर व्हिसाच्या अर्जदारासाठी वेगळी तरतूद आहे, तिथे कायम राहण्याचा अर्ज पुढे चालू राहू शकतो. इमिग्रेशन वकिलाला गाठा, समाजातल्या काकांना नको. तातडीला ०००, सल्ल्यासाठी १८०० ७३७ ७३२. इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर १३१ ४५० वर मराठी दुभाषा मागा. नवऱ्याच्या ओळखीतला दुभाषा घेऊ नका. क्वीन्सलंडमध्ये मे २०२५ पासून आणि न्यू साउथ वेल्समध्ये जुलै २०२४ पासून जोडीदारावर सतत ताबा गाजवणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. तुम्ही राहता त्या व्हिक्टोरियात संरक्षण आदेशासाठी मॅजिस्ट्रेट कोर्टात स्वतः अर्ज करता येतो किंवा पोलीस तुमच्या वतीने करतात. पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर तोही पहिल्याच फोनमध्ये सांगा.